कंसातल्या बाया

निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, तरी लग्नाकार्यात कुणी ओळख करून दिली की माझी पंचाईत होते ती होतेच. "हे बांतेबाबू, सांख्यिकीत होते," असं म्हटलं की समोरचा आदरानं मान हलवतो आणि जरा थांबून विचारतो, "म्हणजे नेमकं करायचं काय?" पटवाऱ्याजवळ नकाशा असतो, मास्तरजवळ शाळा असते, कंपाउंडरजवळ निदान सुई तरी असते. आमच्याजवळ दाखवण्यासारखं काही नव्हतं. मी सांगतो, "माणसं खणात टाकत होतो." मग तो विषय बदलतो आणि आम्ही दोघंही जेवणाकडे वळतो.

उत्तर थट्टेचं वाटतं, पण शंभर टक्के खरं आहे. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला मी भंडाऱ्यात नोकरीला लागलो तेव्हा आमचं कार्यालय भाड्याच्या कौलारू घरात होतं. पुढच्या खोलीत साहेब, मागच्या खोलीत आम्ही चौघं आणि भिंतभर लाकडी खण. कुठलीही पाहणी झाली की गावोगावचे मास्तर घरोघर जाऊन प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी भरायचे. नाव, वय, शिक्षण, काम. त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे आमच्याकडे यायचे. आम्ही चिठ्ठीवरचं काम वाचायचं, यादीतून त्याचा कोड नंबर शोधून कोपऱ्यात लिहायचा आणि चिठ्ठी त्या नंबरच्या खणात टाकायची. शेतकरी एका खणात, शेतमजूर दुसऱ्यात, विणकर तिसऱ्यात. शेवटी एकेक खण रिकामा करून मोजायचा. मंत्री ज्या आकड्यांवर भाषणं ठोकायचे ते आकडे या खणांतून निघायचे, आणि पावसाळ्यात त्याच खणांत विंचूही निघायचे.

त्या खोलीला एक वास होता, खळ, जुना कागद आणि रॉकेलच्या स्टोव्हवरचा चहा मिळून झालेला. तसा वास मला पुन्हा कुठे आला नाही. हातानं फिरवायचं एक गणकयंत्र होतं, बेरीज झाली की ते टुणकन वाजायचं. नातवाला मोबाइलवर बोट फिरवताना पाहतो तेव्हा त्या आवाजाची आठवण होते आणि उगाचच गलबलून येतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात डोकं ते काय लागणार? लागायचं. माणूस काही एका खणात मावेल असा जन्माला येत नाही. चिखल्याच्या खाणीकडच्या एका गड्यानं कामाच्या रकान्यात सांगितलं होतं, "अंधारात काम." मास्तरनं इमानेइतबारे तेच लिहून पाठवलं. लाखनीजवळच्या एका ट्रकवरच्या क्लिनरनं राहण्याचं ठिकाण 'गाडीत' असं सांगितलं, आता त्याला कोणत्या गावात मोजायचं? एका माणसाची चिठ्ठी होती, 'पावसाळ्यात धान, हिवाळ्यात दंडारीत राणी.' आमच्या झाडीपट्टीत दंडार म्हणजे गावातलं नाटक, आणि त्यात बाईचं काम गडीच करायचे. त्याला शेतकऱ्यांत टाकावं की कलावंतांत, यावर आमचा अख्खा दिवस गेला. शेवटी तो शेतकरी झाला. पुढं कधीतरी त्याची दंडार पाहिली तेव्हा जाणवलं की आपण जिल्ह्याची एक फार देखणी राणी आकड्यांतून वजा केली.

आणि हल्यांची गोष्ट तर आमच्या खात्यात दंतकथेसारखी सांगतात. आमच्याकडे बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखलणी करायला बैलांपेक्षा हल्ये, रेडे, बरे. गुरांच्या मोजणीत एका भागातल्या मास्तरांनी हल्ये आणि म्हशी एकाच रकान्यात घातले, कारण दोघंही काळेच. आकडे वर गेले, तिथल्या हुशार माणसांनी दर म्हशीमागे दूध धरलं, आणि दूध गोळा करायची जागा पाहायला एक अधिकारी जीपनं आला. गावकऱ्यांनी त्याला तळ्यात बसलेले हल्ये दाखवले. एक म्हातारा म्हणाला म्हणे, "पिळा साहेब, निंगते का पाहा."

अशा चुकांवर आम्ही हसायचो. पण चुकांच्याही दोन जाती असतात, हे मला फार उशिरा कळलं. पायलीनं धान मोजताना वरची शीग कधी जास्त लागते, कधी कमी लागते. शंभर पायल्या मोजेपर्यंत ते आपोआप बरोबर होतं. या चुकीला घाबरायचं कारण नाही. पण पायलीच बुडाशी चेपलेली असेल तर हजार पायल्या मोजा, प्रत्येक वेळी फरक एकाच बाजूला जाणार. जितकं जास्त मोजाल तितकी मोठी चूक, आणि वर खात्री अशी की आपण एवढं मोजलं म्हणजे बरोबरच असणार. ही दुसऱ्या जातीची चूक मी स्वतः केली. तिच्यावर मला आजवर हसता आलेलं नाही.

ऐंशी सालाच्या आगेमागे जिल्ह्यात एक कुटुंब पाहणी झाली. बिडी कामगारांसाठी एक दवाखाना मंजूर होणार होता, छातीचा फोटो काढायच्या यंत्रासकट. तो कुठं काढायचा ते कोणत्या भागात बिडी कामगार जास्त यावरून ठरणार होतं. दोन जागा होत्या. एक महामार्गावरचं मोठं गाव, जिथं कारखान्याच्या छपराखाली बसून बाया बिड्या वळायच्या. दुसरी अड्याळकडची, मोहबोडी आणि तिच्या आसपासची खेडी. तिथं कारखाना नव्हता. तिथं सट्टेदार, म्हणजे कंत्राटदार, घरोघर तेंदूपत्ता आणि जर्दा वाटायचा आणि बाया घरी ओसरीवर बसून वळायच्या. पत्ता ज्या कार्डावर मिळायचा ते कार्ड मात्र नवऱ्याच्या नावाचं, कारण सट्टेदाराकडे बिड्या घेऊन जायचा तो नवरा.

चिठ्ठ्या लावायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा तिशीतला, आणि माझा हात सगळ्यांत जलद म्हणून माझा रुबाब होता. मास्तरांना एक खोड होती, जागा पुरली नाही की कंस करून त्यात गाथा लिहायची. 'शेती (तळ्याखालची, भावासोबत वाद).' 'नोकरी (सध्या रजेवर).' हे वाचत बसलं तर वर्ष पुरलं नसतं. म्हणून मी खोलीत एक नियम घालून दिला होता, कंसातलं वाचायचं नाही. लाल पेन्सिलीनं कंस सरळ खोडायचा आणि बाहेर जे आहे त्याचा नंबर टाकायचा. या नियमानं काम दुप्पट वेगानं होऊ लागलं आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली. मोहबोडीचा गठ्ठा मीच लावला. अक्षर इतकं सुंदर होतं की मी बाकीच्यांना बोलावून दाखवलं. बायांच्या चिठ्ठ्यांवर एकामागून एक तेच होतं, 'घरकाम', आणि पुढे एक लहानसा कंस. मी लाल रेघ ओढत गेलो आणि त्यांना घरकामाच्या खणात टाकत गेलो. बायांचा तो खण त्या दिवशी दोनदा भरला.

तक्ता गेला आणि काही आठवड्यांनी दोन माणसं कार्यालयात आली. एक पांढऱ्या धोतरातले, काखेत छत्री धरलेले रामटेके गुरुजी. मोहबोडीच्या शाळेत होते, आणि तो गठ्ठा त्यांनीच भरला होता. छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरातले पहिले शिकलेले, त्यामुळं कागद म्हणजे त्यांना मोठी गोष्ट वाटायची, आणि स्वच्छ लिहिणं हा त्यांचा स्वभावच होता. त्यांच्यासोबत चाळिशीची एक बाई होती, रेवंताबाई. तिच्या हातात एक कापडी पिशवी होती.

गुरुजींनी शांतपणे सांगितलं की अड्याळच्या बाजारात बातमी आली आहे, दवाखाना महामार्गावर जातो आहे, कारण मोहबोडीकडे बिडी कामगार नाहीत असं कागदात निघालं. हे कसं झालं तेवढं समजून घ्यायला आलो, असं ते म्हणाले. मी रुबाबात तक्ता काढला आणि दाखवला. मोहबोडीत बिडी कामगार, शून्य.

रेवंताबाईनं पिशवीतून बिड्यांचे कट्टे काढले आणि माझ्या टेबलावर एकावर एक रचले.

"मंग ह्या कोन वळल्या जी?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "बाई, चिठ्ठीत जे लिवलं तेच आमी मोजतो. तुमच्या गावच्या बाया घरकाम करतेत असं लिवलं आहे."

तेव्हा गुरुजी पहिल्यांदा जरा मोठ्यानं बोलले. "साहेब, मी प्रत्येक चिठ्ठीवर लिहिलं आहे. विचारलं तर सासू सांगे, काही नाही करत, घरीच असते, बिड्या वळते. रकाना एकच होता. घरकाम लिहिलं आणि बिड्या वळते हे कंसात लिहिलं. एकही सोडली नाही."

मला तेव्हाच कळलं, पण कळलं असं मी दाखवलं नाही. गठ्ठा काढतो, पाहतो, असं म्हणून मागे गेलो. खणाजवळ उभं राहून एकेक चिठ्ठी उलटत गेलो. लाल रेघेखाली गुरुजींचं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. बिड्या वळते. बिड्या वळते. बिड्या वळते. सासूच्या लेखी ते काम नव्हतं आणि माझ्या लेखी तो कंस होता. दोघांनी मिळून अख्खं गाव रिकामं बसवलं होतं.

बाहेर आलो आणि चूक माझी आहे असं सांगितलं. सरकारी नोकरीत हे वाक्य मी त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं. रेवंताबाई बोलली, आणि तेव्हा दवाखाना म्हणजे नेमकं काय ते मला समजलं. तिची जाऊ छातीच्या दुखण्यानं गेली होती, भंडाऱ्याला नेता नेता बसमध्येच. आता तिची लेक सुमन खोकत होती. दहा वर्षांची होती तेव्हापासून ती पोर आईशेजारी बसून पत्ता कापत होती. "दवाखाना पाच कोसावर आला त पोरीले मी चालत नेईन," ती म्हणाली. "इथं यायले दिवस जाते अन् दिवस गेला त पत्ता वाया जाते."

गुरुजींना मी सांगितलं, सुमनला उद्याच घेऊन या, मी सोबत येतो. ती आली, तपासलं, क्षयच निघाला. औषध सुरू झालं आणि गुरुजी पुढं कित्येक महिने दर खेपेला स्वतः बसनं येऊन ते नेत राहिले. पोर वाचली. पण त्या भागात खोकणारी ती एकटी नव्हती, आणि प्रत्येकीसाठी गुरुजी कुठून आणायचे?

साहेब पुण्याकडचे, सरळ माणूस. त्यांनी माझं ऐकून घेतलं, लाल पेन्सिल टेबलावरून उचलून आपल्या खणात टाकली आणि म्हणाले की खोडलेल्या अक्षरावरून तक्ता बदलता येत नाही, पण बैठकीला पंधरा दिवस आहेत, मोहबोडीची फेरमोजणी करून टाका. मी जिद्दीला पेटलो. या वेळी सगळं नियमानं, कुठं बोट ठेवायला जागा नको, असं ठरवून मी ग्रामपंचायतीला रीतसर पत्र पाठवलं. अमुक दिवशी बिडी कामगारांची फेरमोजणी होईल, सर्वांनी घरी हजर राहावं. कोतवालानं गावात दवंडी दिली. पत्राची भाषा मला इतकी आवडली होती की त्याची एक प्रत मी माझ्याजवळ ठेवली. पुढं ती मीच फाडली.

मोहबोडीला मी गेलो तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. अड्याळपर्यंत बस, तिथून गुरुजींनी आणलेल्या सायकलीवर. धान कापून झालं होतं आणि बांध्यांत लाखोरी डाळीचा हिरवा गालिचा पसरला होता. तळ्यात ढिवर, म्हणजे मासेमार, शिंगाडे काढत होते, त्यांतले उकडलेले शिंगाडे गुरुजींच्या घरी पुढ्यात आले. इतकं सुंदर गाव, आणि मी त्याला न्याय द्यायला आलेला. मनातून मी फार खुशीत होतो.

पहिल्या घरी सासूनं सांगितलं, "काही नाही करत जी, घरीच असते." मी वाट पाहिली. पुढचं वाक्य आलंच नाही. बिड्या वळते का, मी विचारलं. "नाही जी." सून दाराआड उभी होती, तिच्या बोटांची टोकं काळी पडलेली होती आणि कोपऱ्यात लुगड्याखाली झाकलेल्या सुपातून पत्ता कापायच्या कैचीचं टोक बाहेर आलं होतं. जर्द्याच्या वासानं मला शिंका येत होत्या. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. आमच्या कामाचा पहिला नियम असा की डोळ्यांना दिसतं ते लिहायचं नाही, माणूस तोंडानं सांगतो ते लिहायचं. नाहीतर प्रत्येक मोजणारा आपापल्या डोळ्यांनी जग लिहील. हा नियम मीच खात्यातल्या नव्या पोरांना शिकवत आलो होतो. मी लिहीत गेलो, घरकाम, घरकाम, घरकाम. या वेळी कंसही नव्हता.

दुपारी गुरुजींनी मला बाजूला घेतलं. दवंडी झाली त्याच संध्याकाळी सट्टेदाराचा मुनीम गावात येऊन गेला होता. कामगार म्हणून ज्या घरातली बाई कागदावर चढेल त्या घरचा पत्ता बंद, एवढंच तो सांगून गेला होता. नावं सरकारात गेली की उद्या कायदा मागे येतो, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पहिल्या वेळी गुरुजी नुसतेच पाटी-पेन्सिल घेतल्यासारखे दारात आले होते, कुणाला कशाची भीती नव्हती, तेव्हा सगळ्यांनी खरं सांगितलं. ते मी खोडलं. आणि आता मी मोठ्या तोऱ्यात दवंडी पिटून खरं विचारायला आलो होतो.

शेवटचं घर रेवंताबाईचं. समोरच्या ओट्यावर मुनीम येऊन बसला होता, पान लावत. रेवंताबाईचा नवरा सुखदेव मान खाली घालून दाराशी उभा होता. कार्ड त्याच्या नावाचं. तो शेतमजुरी करायचा, पण बाराही महिने घरात चूल पेटायची ती कुणाच्या हातावर हे गावाला माहीत होतं. मी चिठ्ठी घेतली आणि मनात म्हटलं, हिनंही नाही म्हणावं. खरंच मला तसं वाटलं. हिच्या घरचा पत्ता बंद होण्यापेक्षा माझा तक्ता खोटा राहिलेला बरा.

"काम?" मी विचारलं.

तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा ओट्याकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "लिवा, बिड्या वळते. अन् कंसात नोका लिवू."

मी शाईच्या पेनानं लिहिलं. सुखदेवनं मान वर केली नाही, पण तो तिथून हललाही नाही. आजही मला त्याचं तसं उभं राहणं आठवतं.

भंडाऱ्याला आल्यावर मी साहेबांपुढं दोन्ही गठ्ठे ठेवले. लाल रेघेखाली जे लिहिलं आहे तेच खरं आहे, आणि आता जे लिहून आणलं ते घाबरून सांगितलेलं आहे, असं एक लांब टिपण जोडलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले की नियमानं नंतरची मोजणी आधीच्या मोजणीला रद्द करते, आणि ही मोजणी तुम्ही स्वतः करून सही केली आहे. ते खोटं बोलत नव्हते. टिपण फायलीला लागलं. दवाखाना महामार्गावर गेला.

नवा तक्ता साहेबांनी पाहिला तेव्हा त्यांचं बोट एका जागी थांबलं. "मोहबोडी, बिडी कामगार, एक? एका बाईसाठी ओळ कशाला, बांते? 'इतर'मध्ये टाका." छोटे आकडे 'इतर'मध्ये ढकलायची पद्धतच होती, मी स्वतः हजारदा ढकलले होते. दंडारीतल्या राणीला शेतकरी केलं तोच हा हात. त्या दिवशी मात्र मी म्हणालो, "साहेब, तो एक राहू द्या. 'इतर'मध्ये टाकायचा असेल तर तक्त्यावर माझी सही नको." एवढ्या वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांना उलट बोललेलं हे माझं एकमेव वाक्य. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. एक राहिला.

पुस्तक छापून यायला पुढचा उन्हाळा उजाडला. ज्या दिवशी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एक प्रत घेऊन मोहबोडीला गेलो. काय सिद्ध करायला गेलो होतो कोण जाणे. आपण निदान एक तरी माणूस बरोबर मोजला, हे कुणाला तरी दाखवायचं होतं, एवढंच असावं. उन्हामुळं बाया एका मांडवाखाली गोळा होऊन बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात जर्दा, आणि बोटं सपसप चाललेली. माझ्या हातात चिठ्ठ्या नाहीत हे पाहून या वेळी कुणी सूप झाकलं नाही. सुमनही त्यांत होती, अंगानं भरलेली, पण पत्ता न कापता नुसतीच बसलेली. गुरुजींनी तिला जर्द्यापासून लांब राहायला बजावलं होतं.

रेवंताबाईनं पुस्तक मांडीवर घेतलं. तिची मांडी रिकामीच होती. "ह्याच्यात मी कुठी आहो?" तिनं विचारलं.

नाव नसतं बाई, आकडा असतो, असं सांगून मी पान उघडलं आणि पेन्सिलीच्या टोकानं तो एक दाखवला. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं, बराच वेळ. मग बाकीच्या कुठं आहेत ते विचारलं. मी शेजारचा घरकामाचा रकाना दाखवला. तिथं मोठा थोरला आकडा होता.

तुमचं सूप कुठं आहे, हे मी तेव्हा विचारलं. फेरमोजणीनंतर आठव्या दिवशीच पत्ता बंद झाला, असं ती म्हणाली, जणू माझीच समजूत काढावी तशी. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या बांध्यांत जात होती, आणि आता उन्हाळ्यात तेही काम नव्हतं. इतके महिने मी कार्यालयात त्या एका आकड्याचा अभिमान बाळगून बसलो होतो, आणि तिचं काय झालं हे विचारायला एक पोस्टकार्ड टाकावं एवढंही मला सुचलं नव्हतं.

रेवंताबाईनं पुस्तक मिटलं आणि बायांकडे वळून म्हणाली, "आयका वो बायाहो. तुमी समद्या घरीच बसून आहा, अन् गावच्या साऱ्या बिड्या मी एकटी वळून राहिली. सरकारनं छापलं आहे."

मांडव हसला. रेवंताबाई सगळ्यांत जास्त हसली. हसता हसता एकीचाही हात थांबला नाही, बोटांतून बिड्या सुपात पडत राहिल्या. रिकामे होते ते फक्त रेवंताबाईचे हात.